टेप बॅकअप

'''टेप बॅकअप''' म्हणजे सर्व्हरवरील विद्याची प्रत चुंबकीय फितीवर घेऊन ती मूळ यंत्रापासून वेगळी जतन करण्याची पद्धत होय. फितीवर विदा लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या यंत्रास टेप ड्राइव्ह, तर फीत ज्या बंदिस्त डबीत गुंडाळलेली असते तिला कार्ट्रिज म्हणतात. हार्ड डिस्क आणि क्लाउड साठवणीच्या काळातही बँका, रुग्णालये, संशोधन संस्था, शासकीय विदा केंद्रे व अभिलेखागारे यांत ही पद्धत वापरात आहे. ड्राइव्हमधून बाहेर काढलेले कार्ट्रिज कोणत्याही संगणकाला अथवा जाळ्याला जोडलेले नसते. त्यामुळे सर्व्हरवर झालेला सायबर हल्ला, चुकीची आज्ञा किंवा विजेचा दाब यांचा त्यावर परिणाम होत नाही. हे तिचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

टेप बॅकअपसाठी यंत्रसामग्री निवडताना विद्याचे आकारमान, बॅकअपसाठी मिळणारा वेळ, सर्व्हरशी जोडणी, जुन्या कार्ट्रिजशी सुसंगतता, साठवणीच्या जागेचे हवामान आणि देखभालीची सोय यांचा विचार करावा लागतो. उष्ण व कोरड्या हवामानाच्या बीडसारख्या जिल्ह्यात यांपैकी शेवटच्या दोन बाबींना अधिक महत्त्व येते.

== इतिहास ==

संगणकीय विद्यासाठी चुंबकीय फितीचा वापर १९५१ मध्ये युनिव्हॅक संगणकाच्या युनिसर्वो या एककापासून सुरू झाला. त्यातील फीत धातूची होती. १९५२ मध्ये आयबीएम कंपनीने ७२६ हे एकक आणले. त्यात प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय लेप दिलेली अर्धा इंच रुंदीची फीत वापरली जात असे आणि एका रिळावर साधारण दोन मेगाबाइट विदा मावत असे. १९८४ मध्ये आयबीएम ३४८० या प्रणालीने उघड्या रिळाच्या जागी २०० मेगाबाइट क्षमतेचे चौकोनी कार्ट्रिज आणले. पुढे डीएलटी, डीडीएस, एआयटी असे अनेक प्रकार बाजारात आले, पण एका प्रकारचे कार्ट्रिज दुसऱ्या प्रकारच्या ड्राइव्हमध्ये चालत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी एचपी, आयबीएम व सीगेट या कंपन्यांनी एकत्र येऊन '''एलटीओ''' हे खुले मानक तयार केले. त्याची पहिली पिढी २००० मध्ये बाजारात आली. सर्व्हर बॅकअपच्या क्षेत्रात आज प्रामुख्याने हेच मानक वापरले जाते.

महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसवलेल्या सीडीसी ३६०० या संगणकाबरोबर फितीचा वापर रुळला. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांचा विदाही सुरुवातीच्या काळात फितींवर जतन केला जात असे.

== कार्यपद्धती ==

एलटीओ कार्ट्रिजमध्ये एकच रीळ असते. कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये सरकवल्यावर फितीचे टोक ओढून ड्राइव्हमधील दुसऱ्या रिळावर नेले जाते आणि फीत वाचन-लेखन शीर्षावरून वेगाने पुढे सरकते. शीर्षावर अनेक सूक्ष्म लेखक असून ते एकाच वेळी समांतर मार्गिका लिहितात. फितीच्या शेवटी पोहोचल्यावर दिशा उलटते व शेजारच्या मार्गिका लिहिल्या जातात. एलटीओ-९ च्या कार्ट्रिजमधील फीत एक किलोमीटरहून अधिक लांब असते.

या रचनेमुळे फितीवर सलग लेखन फार जलद होते, परंतु मधलीच एखादी फाइल हवी असल्यास फीत त्या जागेपर्यंत फिरवावी लागते. म्हणूनच फीत ही रोजच्या कामाच्या साठवणीसाठी नसून प्रतीच्या जतनासाठी योग्य ठरते. लिहिलेला विदा ड्राइव्ह त्याच वेळी पुन्हा वाचून तपासतो आणि दोष आढळल्यास तो भाग पुढे परत लिहितो.

सर्व्हरकडून येणारा विदा ड्राइव्हच्या किमान वेगापेक्षा कमी गतीने आला, तर ड्राइव्हला थांबावे लागते, फीत मागे घ्यावी लागते आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. या पुढे-मागे हालचालीमुळे बॅकअपला वेळ लागतोच, शिवाय फीत व शीर्ष दोन्ही झिजतात. हल्लीच्या ड्राइव्हना सुरळीत चालण्यासाठी सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट किंवा त्याहून अधिक विदा सातत्याने मिळावा लागतो.

== यंत्रसामग्रीचे प्रकार ==

* '''अंतर्गत ड्राइव्ह''' : सर्व्हरच्या पेटीतच बसवला जातो. स्वस्त पडतो, पण सर्व्हरमधील उष्णता व धूळ त्यालाही सोसावी लागते.
* '''बाह्य ड्राइव्ह''' : स्वतंत्र पेटीत असतो व केबलने जोडला जातो. सर्व्हर बिघडल्यास तो दुसऱ्या सर्व्हरला जोडता येतो, म्हणून लहान संस्थांसाठी सोयीचा आहे.
* '''ऑटोलोडर''' : एक ड्राइव्ह व साधारण आठ-नऊ कार्ट्रिजचे खण असलेले यंत्र. ते ठरलेल्या वेळी कार्ट्रिज आपोआप बदलते.
* '''टेप लायब्ररी''' : अनेक ड्राइव्ह, शेकडो किंवा हजारो कार्ट्रिज आणि त्यांची ने-आण करणारा यांत्रिक हात असलेली मोठी यंत्रणा. ती विदा केंद्रांत वापरली जाते.

ऑटोलोडर व लायब्ररीत प्रत्येक कार्ट्रिजला बारकोडची पट्टी लावावी लागते. पट्टी नसल्यास यंत्राला कोणत्या खणात कोणते कार्ट्रिज आहे हे ओळखता येत नाही. ऑटोलोडरमध्येच राहिलेली कार्ट्रिज आज्ञावलीच्या आवाक्यात असतात. त्यामुळे वेगळेपणाचा पूर्ण लाभ हवा असल्यास ती ठरावीक काळाने बाहेर काढणे आवश्यक असते.

== एलटीओच्या पिढ्या ==

पुढील तक्त्यात विदा संक्षेपित न करता मिळणारी मूळ क्षमता व कमाल वेग दिला आहे.

| पिढी | वर्ष | मूळ क्षमता | कमाल वेग (प्रति सेकंद) |
|---|---|---|---|
| एलटीओ-५ | २०१० | १.५ टेराबाइट | १४० मेगाबाइट |
| एलटीओ-६ | २०१२ | २.५ टेराबाइट | १६० मेगाबाइट |
| एलटीओ-७ | २०१५ | ६ टेराबाइट | ३०० मेगाबाइट |
| एलटीओ-८ | २०१७ | १२ टेराबाइट | ३६० मेगाबाइट |
| एलटीओ-९ | २०२१ | १८ टेराबाइट | ४०० मेगाबाइट |
| एलटीओ-१० | २०२५ | ३० टेराबाइट | ४०० मेगाबाइट |

ड्राइव्ह पूर्ण उंचीचे व अर्ध्या उंचीचे अशा दोन आकारांत मिळतात. एलटीओ-८ व एलटीओ-९ चे अर्ध्या उंचीचे ड्राइव्ह साधारणतः ३०० मेगाबाइट प्रति सेकंद इतक्याच वेगाने चालतात. लहान संस्था बहुधा हेच घेतात, त्यामुळे हिशेब करताना तक्त्यातील कमाल आकडा धरणे दिशाभूल करणारे ठरते.

एलटीओ-३ पासून एकदाच लिहिता येणारी व नंतर बदलता न येणारी कार्ट्रिज, एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच २५६ बिटांच्या किल्लीने विदा कूटबद्ध करण्याची सोय आणि एलटीओ-५ पासून एलटीएफएस ही फाइल प्रणाली उपलब्ध झाली. एलटीएफएसमुळे कार्ट्रिजवरील फाइल एखाद्या पेन ड्राइव्हप्रमाणे पाहता येतात आणि विशिष्ट कंपनीच्या बॅकअप आज्ञावलीवर कायम अवलंबून राहावे लागत नाही.

== निवडीचे निकष ==

=== क्षमता ===

कार्ट्रिजच्या वेष्टनावर दोन आकडे छापलेले असतात. मोठा आकडा विदा अडीचपट संक्षेपित होईल असे गृहीत धरून दिलेला असतो. मजकूर व हिशेबाच्या नोंदी बऱ्याच प्रमाणात संक्षेपित होतात. परंतु स्कॅन केलेली कागदपत्रे, छायाचित्रे, क्ष-किरण प्रतिमा आणि चित्रफिती मुळातच संक्षेपित स्वरूपात असल्याने त्यांचे आकारमान आणखी घटत नाही. कूटबद्ध केलेल्या विद्याबाबतही तेच होते. म्हणून निवड करताना मूळ क्षमताच विचारात घ्यावी लागते.

विद्याची वाढही मोजावी लागते. उदाहरणार्थ, एखाद्या संस्थेचा एकूण विदा आज ४ टेराबाइट असून तो दरवर्षी २५ टक्क्यांनी वाढत असेल, तर चार वर्षांनी तो सुमारे ९.८ व पाच वर्षांनी सुमारे १२.२ टेराबाइट होईल. अशा संस्थेने एलटीओ-८ घेतल्यास पाचव्या वर्षी पूर्ण बॅकअप एका कार्ट्रिजवर मावणार नाही. एलटीओ-९ घेतल्यास मावेल.

=== वेग आणि उपलब्ध वेळ ===

बॅकअप सहसा कामकाज बंद असताना, रात्री घेतला जातो. वरील उदाहरणातील ४ टेराबाइट विदा ३०० मेगाबाइट प्रति सेकंद वेगाने लिहिण्यास सुमारे पावणेचार तास लागतात. मात्र हा विदा एक गिगाबिट क्षमतेच्या जाळ्यातून येत असेल, तर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइटच मिळतात आणि तेवढ्याच कामाला दहा तास लागतात. १२.२ टेराबाइटसाठी हेच अंतर सव्वाअकरा तास विरुद्ध जवळजवळ एकतीस तास इतके होते. म्हणजे अशा संस्थेत महागडा ड्राइव्ह घेऊनही वेळ जाळ्यामुळेच ठरतो आणि ड्राइव्ह किमान वेगाच्या काठावर चालत राहतो. यावर दोन उपाय आहेत. ड्राइव्ह थेट मुख्य सर्व्हरला किंवा दहा गिगाबिटच्या जाळ्याला जोडणे हा पहिला. विदा प्रथम एखाद्या जलद डिस्कवर गोळा करून तेथून फितीवर उतरवणे हा दुसरा.

=== जोडणी ===

लहान व मध्यम संस्थांसाठी एसएएस जोडणीचे ड्राइव्ह, तर मोठ्या विदा केंद्रांसाठी फायबर चॅनेलचे ड्राइव्ह वापरले जातात. एसएएससाठी सर्व्हरमध्ये योग्य कार्ड असावे लागते. डिस्कसाठी असलेले रेड कार्ड टेप ड्राइव्हला चालेलच असे नाही. खरेदीच्या निविदेत ड्राइव्हसोबत कार्ड, केबल, स्वच्छता कार्ट्रिज, बारकोड पट्ट्या व बॅकअप आज्ञावलीचा परवाना यांचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर यंत्र येऊनही ते सुरू करता येत नाही.

=== सुसंगतता ===

एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागील एका पिढीच्या कार्ट्रिजवर लिहू शकत आणि मागील दोन पिढ्यांची कार्ट्रिज वाचू शकत. एलटीओ-८ व एलटीओ-९ चे ड्राइव्ह केवळ लगतच्या मागील पिढीपर्यंतच वाचन-लेखन करतात. एलटीओ-१० चा ड्राइव्ह त्याआधीच्या कोणत्याही पिढीचे कार्ट्रिज वाचत नाही. ज्या संस्थेकडे एलटीओ-६ च्या कार्ट्रिजवर जुने हिशेब आहेत, तिने थेट एलटीओ-९ घेतल्यास ते हिशेब त्या यंत्रावर उघडणार नाहीत. त्यामुळे नवा ड्राइव्ह घेतल्यावर जुना ड्राइव्ह मोडीत न काढता विदा नव्या कार्ट्रिजवर उतरवून होईपर्यंत सांभाळावा लागतो.

=== खर्च व पुरवठा ===

टेप ड्राइव्हची किंमत लाखांत, तर कार्ट्रिजची हजारांत असते. त्यामुळे विदा थोडा असेल तेव्हा ही पद्धत महाग पडते आणि तो वाढत जाईल तसा प्रति टेराबाइट खर्च कमी होतो. कार्ट्रिजची फीत बनवणाऱ्या मोजक्याच कंपन्या आहेत. त्यांपैकी फुजीफिल्म व सोनी यांच्यातील पेटंटच्या वादामुळे २०१९ मध्ये एलटीओ-८ कार्ट्रिजचा पुरवठा जगभर विस्कळीत झाला होता. यंत्रासोबतच एक-दोन वर्षांची कार्ट्रिज घेऊन ठेवणे म्हणून हितावह ठरते.

== बीड जिल्ह्याच्या संदर्भात ==

बीड जिल्ह्यात अकरा तालुके असून सातबारासारख्या महसुली नोंदींचा संगणकीय विदा राज्य पातळीवरील यंत्रणेत साठवला जातो. जिल्ह्यात प्रत्यक्ष सर्व्हर चालवणाऱ्या संस्थांमध्ये सहकारी बँका व पतसंस्था, साखर कारखाने, रुग्णालये आणि महाविद्यालये यांचा समावेश होतो. ठेवीदाराची शिल्लक, ऊस उत्पादकाच्या वजनाची नोंद किंवा रुग्णाचा पूर्वेतिहास हा विदा एकदा नष्ट झाल्यास तो पुन्हा तयार करण्यासाठी बहुधा कागदी आधारही उरलेला नसतो.

भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा मूलभूत आराखडा जाहीर केला. त्यात महत्त्वाच्या विद्याची ठरावीक काळाने प्रत घेऊन ती संगणकापासून वेगळ्या करता येणाऱ्या साधनावर जतन करण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. टेप कार्ट्रिज ही अपेक्षा पूर्ण करते. कमी विदा असलेल्या बँकेला ती काढून ठेवता येणाऱ्या डिस्कनेही पूर्ण करता येते.

=== जुने अभिलेख ===

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे येथील जुने महसुली व इतर दस्तऐवज मोडी आणि उर्दूतही आढळतात. कुणबी जातीच्या नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या कामादरम्यान मराठवाड्यातील जिल्ह्यांत असे दस्तऐवज मोठ्या प्रमाणावर तपासून स्कॅन करण्यात आले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर उपलब्ध करण्यात आले.

अशा अभिलेखांचा विदा हिशेबाच्या विद्याहून वेगळा असतो. तो एकदा तयार झाल्यावर बदलत नाही, फारसा संक्षेपित होत नाही आणि दशकानुदशके टिकवावा लागतो. मूळ कागद जीर्ण होत असल्याने पुन्हा स्कॅन करणे दरवेळी शक्य नसते. एकदाच लिहिता येणारी कार्ट्रिज, एलटीएफएस स्वरूप आणि दोन वेगळ्या गावी ठेवलेल्या दोन प्रती ही रचना या प्रकारच्या विद्यासाठी सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते.

=== हवामान, धूळ व वीज ===

एलटीओ कार्ट्रिज दीर्घकाळ जतन करण्यासाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता शिफारस केलेली आहे. योग्य परिस्थितीत फीत तीस वर्षांपर्यंत टिकते असे उत्पादक सांगतात. बीडमध्ये उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या छताखालील दप्तरखाना किंवा पश्चिमेच्या भिंतीलगतचे लोखंडी कपाट फितीसाठी अयोग्य ठरते. केवळ कार्यालयीन वेळेत चालणारे वातानुकूलन असल्यास रोज होणारा तापमानातील चढउतारही हानिकारक असतो. वाहनातून उन्हात आणलेले कार्ट्रिज लगेच ड्राइव्हमध्ये न घालता सर्व्हर कक्षाच्या तापमानाला येईपर्यंत, शक्यतो चोवीस तास, तसेच ठेवावे लागते.

कोरड्या ऋतूतील धुळीमुळे शीर्षावर कण साचतात व वाचनात दोष वाढतात. ड्राइव्हने सूचना दिल्यावर स्वच्छता कार्ट्रिज वापरले जाते. ते ठरावीक वेळांपुरतेच चालते आणि कारण नसताना वारंवार वापरल्यास शीर्ष झिजते. लेखन चालू असताना वीज गेल्यास त्या रात्रीचा बॅकअप अपुरा राहतो. म्हणून केवळ सर्व्हरच नव्हे तर ड्राइव्ह आणि जाळ्याची उपकरणेही यूपीएसवर असणे आवश्यक असते. जिल्ह्याबाहेरून येणारा सेवा अभियंता किती वेळात पोहोचेल आणि दुरुस्तीच्या काळात पर्यायी ड्राइव्ह मिळेल का, हे वार्षिक देखभाल करारात लिहून घेतले जाते.

=== प्रतीची जागा ===

एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा ३-२-१ नावाने ओळखला जाणारा नियम बॅकअपच्या क्षेत्रात प्रचलित आहे. १९८९ मध्ये बिंदुसरा नदीला आलेल्या पुरात बीड शहराची मोठी हानी झाली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने शेजारच्या लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. अशा आपत्तीत एकाच इमारतीतील वा एकाच नदीकाठच्या दोन प्रती एकाच वेळी नष्ट होऊ शकतात. बीड शहरातील संस्थेने दुसरी प्रत अंबाजोगाई, परळी किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शाखेत ठेवल्यास हा धोका कमी होतो.

== फेरपालट ==

कार्ट्रिज आलटून पालटून वापरण्याच्या पद्धतींपैकी आजोबा-वडील-मुलगा ही सर्वाधिक रूढ आहे. सोमवार ते गुरुवार या दिवसांसाठी चार, आठवड्याच्या पूर्ण बॅकअपसाठी चार आणि महिनाअखेरीसाठी बारा, अशी एकूण वीस कार्ट्रिज लागतात. दैनिक कार्ट्रिज दर आठवड्याला पुन्हा वापरली जातात, साप्ताहिक कार्ट्रिज दर महिन्याला, तर मासिक कार्ट्रिज वर्षभर दुसऱ्या ठिकाणी जतन केली जातात. आर्थिक वर्षअखेरीचे, म्हणजे मार्चचे कार्ट्रिज सहसा पुन्हा वापरले जात नाही. प्रत्येक कार्ट्रिजचा क्रमांक, तारीख, त्यावरील विदा व ते कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद कागदी वहीतही ठेवली जाते, कारण सर्व्हर बंद पडल्यावर त्यावरील यादी पाहता येत नाही. कूटबद्धीकरणाची किल्ली याच कारणाने सर्व्हरबाहेर सुरक्षित ठेवावी लागते. ती हरवल्यास कार्ट्रिज शाबूत असूनही विदा वाचता येत नाही.

एलटीओ-९ चे नवे कार्ट्रिज प्रथम वापरताना ड्राइव्ह त्याचे मोजमाप करतो. यास बहुधा तासाभराहून कमी, पण काही वेळा दोन तासांपर्यंत वेळ लागतो. त्यामुळे नवी कार्ट्रिज आधीच दिवसा तयार करून ठेवली जातात.

== पुनर्स्थापनाची चाचणी ==

बॅकअप यशस्वी झाल्याची आज्ञावलीची सूचना म्हणजे विदा परत मिळेल याची खात्री नव्हे. उघड्या असलेल्या विदासंचाच्या फाइल तशाच नक्कल केल्यास फितीवर अर्धवट प्रत उतरते व ती पुढे उघडत नाही. म्हणून ठरावीक काळाने एखादे कार्ट्रिज निवडून त्यावरील विदा वेगळ्या संगणकावर उतरवला जातो, तो उघडून पाहिला जातो आणि त्यास लागलेला वेळ नोंदवला जातो. शक्य असल्यास ही चाचणी दुसऱ्या ड्राइव्हवर केली जाते, जेणेकरून एकाच ड्राइव्हवर वाचली जाणारी सदोष कार्ट्रिज वेळीच लक्षात येतात.

फेब्रुवारी २०११ मध्ये एका आज्ञावलीतील दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली. वेगवेगळ्या विदा केंद्रांतील डिस्कवरील प्रतींनाही त्या दोषाची बाधा झाली होती. अखेरीस गूगलने फितींवरील प्रतींतून पत्रे परत मिळवली.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरातील संगणकांवर हल्ला केला. नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्याची मुख्य नोंद ठेवणारे जवळपास सर्व सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते आणि म्हणूनच सर्व एकाच वेळी पुसले गेले. घाना येथील एक सर्व्हर तेवढा वाचला, कारण वीज गेल्याने तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. जाळ्याला न जोडलेली प्रत जाणीवपूर्वक ठेवण्याची गरज स्पष्ट करण्यासाठी हे उदाहरण वारंवार दिले जाते.

== मर्यादा व पर्याय ==

* एखादी फाइल शोधण्यास डिस्कच्या तुलनेत अधिक वेळ लागतो.
* ड्राइव्हचा प्रारंभिक खर्च मोठा असतो.
* कार्ट्रिज बदलणे, नेणे व नोंद ठेवणे यांसाठी जबाबदार व्यक्ती लागते.
* काही पिढ्यांनंतर विदा नव्या कार्ट्रिजवर उतरवावा लागतो.

एक-दोन टेराबाइटपर्यंतचा विदा असलेल्या संस्थेला आलटून पालटून वापरायच्या दोन-तीन बाह्य डिस्क व क्लाउडवरील एक प्रत पुरेशी ठरू शकते. क्लाउडमध्ये यंत्राची देखभाल करावी लागत नाही, परंतु मोठा विदा परत आणण्यास लागणारा वेळ इंटरनेटच्या वेगावर अवलंबून असतो. १०० मेगाबिटच्या जोडणीवर ४ टेराबाइट विदा उतरवून घेण्यास आदर्श स्थितीतही साधारण पावणेचार दिवस लागतात. या कारणाने अनेक संस्था रोजच्या गरजेसाठी डिस्क, दूरस्थ प्रतीसाठी क्लाउड आणि अखेरच्या आधारासाठी फीत अशी मिश्र रचना स्वीकारतात.

== हेही पहा ==

* चुंबकीय फीत
* हार्ड डिस्क
* विदा केंद्र
* रॅन्समवेअर
* बीड जिल्हा